पुढच्या भाडेकरूचं काय?

खासगी घरमालकांशिवाय भाड्याची घरं चालतील का, हा प्रश्न ऐकला की एखाद्या स्वप्नाळू समाजवाद्याची कल्पना वाटते. मुंबईने हा प्रयोग ऐंशी वर्षं करून पाहिलेला आहे. गिरगाव, लालबाग, दादर, भायखळा इथल्या हजारो जुन्या इमारतींत घरमालक असतो तो केवळ कागदावर. भाडं त्याने ठरवायचं नाही, भाडेकरू त्याने निवडायचा नाही, निघालेल्याला अडवायचं नाही आणि बसलेल्याला उठवायचं नाही. पावती फाडण्यापुरता तो उरला, आणि पुष्कळ ठिकाणी पावतीचा कागदही भाड्यापेक्षा महाग झाला.

हे एका दिवसात झालं नाही. पहिल्या महायुद्धात जागांचे भाव भडकले तेव्हा १९१८ साली मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. उपाय तात्पुरता होता, पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे असं सुनावलं, आणि त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ दिली. पण पाया १९४० सालचा असेल, तर त्यावर चार टक्के चढवून किती चढणार?

या कायद्याने जे दिलं ते हलक्यात घेण्यासारखं नाही. गिरणीतला जॉबर, फोर्टातला कारकून, म्युनिसिपालिटीच्या शाळेतला मास्तर ही माणसं शहराच्या मध्यात राहू शकली ती याच कायद्यामुळे. बाजारभावाने भाडं भरावं लागलं असतं, तर त्यांची मुलं दादरच्या शाळांत शिकली नसती. मुंबईचं मराठी मध्यमवर्गीय जग, त्यातली नाटकं, वाचनालयं, गणेशोत्सव, या सगळ्याखाली गोठवलेल्या भाड्याचा पाया आहे. कामगार संपावर गेला तरी डोक्यावरचं छप्पर लगेच जात नव्हतं, ही गोष्टही छोटी नाही.

पण मालकाचे अधिकार काढून घेताना त्याची कामं कोणाकडे सोपवायची, हे कोणी ठरवलंच नाही. भाड्यातून पट्टीही सुटेना, तेव्हा मालकाने गच्ची गळते तशी गळू दिली, जिना डुगडुगतो तसा डुगडुगू दिला. शेवटी सरकारला १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा करून भाडेकरू आणि मालकांकडून उपकर घ्यावा लागला. तेव्हा शहरात अशा सुमारे १९ हजार ६०० उपकरप्राप्त इमारती होत्या. उपकर आला, मंडळ आलं, पुढे म्हाडा आली, तरी दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघायची ती निघतेच. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसं गेली. त्या ढिगाऱ्याखाली एक जुना निष्काळजीपणाही होता. मालकाला बाजूला सारून त्याची जागा रिकामी ठेवली, की इमारत आपोआप सांभाळली जात नाही.

म्हणून ‘मालक हवा की नको’ या प्रश्नाआधी मालक नेमकं करतो काय, ते सुटं करून पाहिलं पाहिजे. माझ्या मते तो चार गोष्टी करतो. पैसा उभा करून घर बांधतो किंवा विकत घेतो. ते घर दुरुस्त ठेवतो, निदान ठेवायला हवं. आत कोण राहील आणि कोण नाही, हे ठरवतो. आणि चौथी गोष्ट म्हणजे, शहर वाढलं, रस्ता झाला, मेट्रो आली, की जमिनीची वाढलेली किंमत तो खिशात घालतो. पहिल्या दोन गोष्टी म्हणजे काम आहे आणि कामाला मोबदला लागतो. तिसरी गोष्ट सत्ता आहे. चौथी कामही नाही आणि जोखीमही फारशी नाही. ती शहराची कमाई आहे, फक्त उतारा एकाच्या नावावर असतो म्हणून ती त्याच्याकडे जाते. घरमालकाच्या बाजूने बोलणारे पहिल्या दोन गोष्टींचे दाखले देतात, विरोधात बोलणारे शेवटच्या दोन. म्हणून हा वाद वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहतो.

आधी सत्तेचं बघू. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी खाणावळीत उतरले आणि जात कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. तेच बाबासाहेब मुंबईत वर्षानुवर्षं राहिले ते परळच्या बीआयटी चाळीत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने त्या चाळी बांधल्या होत्या. चाळी काही महाल नव्हत्या. पण तिथला मालक एक सार्वजनिक संस्था होती, आणि दारावर आडनाव विचारणारा शेठ तिथे नव्हता. आजच्या जाहिरातींत जात लिहिलेली नसते. ‘फक्त शाकाहारी’, ‘फक्त फॅमिली’, ‘बॅचलर नकोत’ असं लिहिलेलं असतं आणि उरलेलं फोनवर आडनाव ऐकून ठरतं. मुसलमान तरुणाला, एकट्या राहणाऱ्या बाईला, ईशान्येकडून आलेल्या मुलीला दलाल कुठली इमारत दाखवतो आणि कुठली नाही, हे पुण्या-मुंबईत घर शोधलेल्या कोणालाही ठाऊक आहे. खासगी मालकी असेल तिथे ही सत्ता कायद्याने पूर्ण काढून घेणं जवळजवळ अशक्य असतं, कारण नकाराला कारण द्यावं लागत नाही.

सार्वजनिक मालकीत ती सत्ता नाहीशी होते असं नाही, तिचं रांगेत रूपांतर होतं. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या गृहनिर्माण कंपन्या आहेत आणि भाडी वाटाघाटींनी ठरतात. पण स्टॉकहोममध्ये अशा घरासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागतं, शहराच्या मध्यात तर दशकभराहून जास्त. तिथे भाडेकरार हस्तांतरित करण्यासाठी हातोहात पैसे देण्याचा काळाबाजार वाढला, तो थांबवण्यासाठी त्यांना फौजदारी कायदा करावा लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वीडनमध्येही पागडी आली. भाडं बाजारापेक्षा कमी असेल आणि घरं पुरेशी नसतील, तर तो फरक कोणाच्या तरी हातात पडतोच. मालकाच्या नाही, तर आधीच आत बसलेल्या भाडेकरूच्या. मुंबईत या फरकालाच पागडी म्हणतात, आणि १९९९ च्या कायद्याने तिला मान्यताही दिली.

आता पैशाचं. मुंबईत एक कोटीचं घर साधारण पंचवीस हजारांच्या आसपास भाड्याने जातं असं धरू. वर्षाला तीन लाख झाले, म्हणजे तीन टक्के. घरकर्जाचं व्याज याच्या दुपटीहून जास्त असतं. मग शहाणा माणूस घर विकत घेऊन भाड्याने का देतो? कारण त्याचा डोळा भाड्यावर नसतो, जमिनीच्या भाववाढीवर असतो. म्हणूनच तो घर रिकामंही ठेवू शकतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून अधिक घरं रिकामी आढळली. त्याच काळात शहरी घरांतला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ च्या ५४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आला होता, अशी नोंद २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत आहे. एकीकडे रिकामी घरं आणि दुसरीकडे घर शोधणारी माणसं. दोन्ही एकाच कारणाने वाढतात. घर हे राहण्याचं साधन कमी आणि जमिनीवरची पैज जास्त झालं आहे.

हिशोबातून जमीन बाजूला काढली तर काय होतं, तेही पाहू. समजा, सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर ४०० चौरस फुटांचं घर बांधायला पंधरा लाख लागतात. हे पैसे सात टक्क्यांनी, तीस वर्षांच्या मुदतीने उचलले, तर हप्ता महिना दहा हजारांच्या आसपास पडतो. देखभालीचे दोन हजार धरले, तर भाडं बारा हजार झालं. सात टक्क्यांऐवजी पाच टक्क्यांनी पैसा मिळाला तर हप्ता आठ हजारांवर येतो. आकडे थोडे वरखाली करा, निष्कर्ष बदलत नाही. बांधकाम आणि देखभाल भाड्यातून भागू शकते, जमीन भागू शकत नाही. म्हणजे घरमालकाच्या चार कामांपैकी पहिली दोन भाडेकरू स्वतःच्या भाड्यातून विकत घेऊ शकतो. त्याला न परवडणारं आहे ते चौथं.

हे ज्यांच्या सर्वांत आधी लक्षात आलं, त्यांत व्हिएन्नाचा समाजवादी नगरप्रशासनाचा गट होता. गंमत अशी की त्यांची सुरुवात आपल्यासारखीच झाली. पहिल्या महायुद्धातच, १९१७ साली, ऑस्ट्रियात भाडी गोठवली गेली. महागाईत भाडी कवडीमोल झाली, मालकांना इमारती बांधण्यात रस उरला नाही आणि जमिनीचे भाव पडले. मुंबई या टप्प्यावर थांबली. व्हिएन्नाने पुढचं पाऊल टाकलं. पालिकेने पडलेल्या भावात जमिनी विकत घेतल्या, १९२३ साली घरांवर चढत्या दराचा कर बसवला, आलिशान घरांकडून जास्त आणि साध्यांकडून नाममात्र, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरं बांधली. १९३० साली खुलं झालेलं कार्ल-मार्क्स-होफ किलोमीटरहून लांब पसरलेलं आहे आणि त्यात जवळपास १,४०० घरं होती. १९३४ च्या यादवीत त्यावर तोफा डागल्या गेल्या, पण इमारत टिकली आणि तिथली मालकीही टिकली. आज त्या शहराच्या पालिकेकडे सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. शिवाय नफ्यावर मर्यादा असलेल्या गृहनिर्माण संस्थांची जवळपास तेवढीच. शहरातली निम्मी माणसं या दोन प्रकारच्या घरांत राहतात. कर्ज फिटलेल्या जुन्या घरांच्या भाड्यातून आणि संस्थांच्या परत गुंतवलेल्या नफ्यातून पुढची घरं उभी राहतात. भाडं गोठवणं हा या यशाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा म्हणजे बांधलेलं घर कधीही न विकणं.

मुंबईलाही त्याच सुमारास हे जमण्यासारखं होतं. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) स्थापन झालं. ५० हजार खोल्या बांधायचं ठरलं आणि पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया उपकर लावला. शेवटी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कामगारांना तिथलं भाडंही जड गेलं आणि बऱ्याच खोल्या ओस पडल्या. पण पुढे याच चाळींनी गिरणी कामगारांच्या, पोलिसांच्या, सफाई कामगारांच्या पिढ्या वाढवल्या. साडेसोळा हजार खोल्या, सरकारी मालकी, शंभर वर्षं चाललेलं भाडं. खासगी मालकाविना भाड्याचं घर चालतं याचा याहून मोठा पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही. आणि आपण तो मोडीत काढला.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांच्या आनंदात कोणी मिठाचा खडा टाकू नये. त्यांना मोठं, हवेशीर घर हवंच होतं. प्रश्न घराच्या आकाराचा नाही, मालकीचा आहे. ही घरं मोफत आणि मालकी हक्काने दिली गेली. त्याच चाळींत राहणाऱ्या पोलिस कुटुंबांना आधी ५० लाख, मग २५ लाख आणि शेवटी १५ लाखांत मालकी देऊ केली गेली. म्हणजे नोकरी असेपर्यंत राहायची सेवानिवासस्थानंसुद्धा मालकीची झाली. वांद्र्याच्या सरकारी वसाहतीतल्या कर्मचाऱ्यांचीही तिथेच मालकीचं घर मिळावं अशी मागणी बरीच वर्षं आहे. उद्या वरळीत बदली होऊन येणाऱ्या हवालदाराने कुठे राहायचं? आज गावाहून परळच्या रुग्णालयात नोकरीला आलेल्या परिचारिकेने कुठे राहायचं? शंभर वर्षांपूर्वी तिच्यासारखीसाठी साडेसोळा हजार खोल्या बांधल्या गेल्या होत्या. आता त्या तिच्यासाठी नाहीत.

हे एकट्या मुंबईत घडलं नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने नगरपालिकांच्या घरांतल्या भाडेकरूंना मोठ्या सवलतीत घर विकत घेण्याचा हक्क दिला. इंग्लंडमध्ये सुमारे वीस लाख घरं विकली गेली, आणि त्यांतली बरीच पुढे खासगी मालकांच्या हाती जाऊन बाजारभावाने भाड्याने मिळू लागली. रशियात सोव्हिएत राजवट कोसळत असतानाच १९९१ साली कायदा झाला आणि सरकारी फ्लॅट राहणाऱ्यांनाच फुकट देऊन टाकले. विचारसरणी टोकाच्या, गंतव्य एकच. सरकारी भाड्याचं घर म्हणजे तळाला भोक असलेली घागर. बांधणारा पाणी ओततो, पहिला भाडेकरू ते घरी नेतो आणि पुढच्यासाठी घागर रिकामी.

कारण सोपं आहे. आत राहणाऱ्या भाडेकरूला मत असतं, संघटना असते, नगरसेवकाचं कार्यालय हाकेच्या अंतरावर असतं. पुढच्या वर्षी येणाऱ्या भाडेकरूचं नाव अजून या शहराच्या मतदार यादीत नसतं. राजकारण जो दिसतो त्याचं ऐकतं. शिवाय आपल्या देशात घर हीच म्हातारपणाची पेन्शन आणि आजारपणाचा विमा आहे. अशा समाजात भाडेकरू मालकी मागतो तेव्हा तो लोभी नसतो, शहाणा असतो. दोष त्याचा नाही. त्याला मालकीखेरीज दुसरी कुठलीच सुरक्षितता न देणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

मालकाला कायद्याने हटवून त्याची जागा थेट भाडेकरूंनी घ्यावी, हा मार्गही आपण चोखाळला. १९८६ साली म्हाडा कायद्यात दुरुस्ती झाली. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करता येईल, अशी ती तरतूद. गोठवलेल्या भाड्याच्या शंभर पट म्हणजे मोबदला किती, ते सांगायला नको. मालकांची संघटना न्यायालयात गेली. तिथून तीन दशकांहून जास्त काळ चाललेला मोठा घटनात्मक प्रश्न निघाला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येईल का? नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की सरसकट तसं मानता येणार नाही. या निकालावर दोन्ही बाजूंनी खूप लिहिलं गेलं. पण भाडेकरूंच्या बाजूने निकाल लागला असता तरी काय झालं असतं? एका मालकाच्या जागी चाळीस मालक आले असते, टॉवर झाला असता आणि त्या जागेवर भाड्याने राहायला येऊ पाहणाऱ्या माणसाला दार तितकंच बंद राहिलं असतं.

माझी कसोटी म्हणूनच साधी आहे. एखादी व्यवस्था खासगी मालकाशिवाय चालते की नाही, हे आजच्या भाडेकरूकडे पाहून ठरवू नये. तो निघून गेल्यावर ती खोली पुढच्या भाडेकरूला त्याच तत्त्वावर मिळते का, हे पाहावं. या कसोटीवर १९४७ चा कायदा नापास होतो, बीडीडीचा पुनर्विकास नापास होतो, आणि २००८ ची एमएमआरडीएची भाड्याच्या घरांची योजनाही नापास होते. बिल्डरांना जादा चटई क्षेत्र देऊन १६० चौरस फुटांची भाड्याची घरं मिळवायची, अशी ती योजना होती. पण काही वर्षांतच सरकारने भाड्याचा मुद्दा सोडला आणि विक्रीच्या घरांकडे वळलं. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी घरी निघाले, तेव्हा केंद्राला भाड्याच्या घरांची आठवण झाली आणि सरकारी योजनांतली रिकामी घरं भाड्याने देण्याची योजना आली. पण पात्र असलेल्या घरांपैकी थोडीच प्रत्यक्षात भाडेकरूंपर्यंत पोहोचली.

याचा अर्थ खासगी मालक पूर्णच हद्दपार करावेत, असा निघत नाही. आपल्याकडे मालक म्हणजे प्रत्येक वेळी चारशे खोल्यांचा शेठ नसतो. धारावीत किंवा गोवंडीत पोटमाळ्यावरची खोली भाड्याने देऊन घर चालवणारी विधवा आहे. पुण्यात निवृत्तीच्या पैशातून दुसरा फ्लॅट घेतलेला शिक्षक आहे. आणि काल गाडीने उतरलेल्या मुलाला आज रात्री खोली देऊ शकतो तो असाच मालक. व्हिएन्नाच्या पालिकेच्या घरासाठी अर्ज करायलासुद्धा शहरात दोन वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, तोवर नवा माणूस खासगी बाजारातच राहतो. या छोट्या मालकांना घाबरवलं की काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरवलं गेलं. त्या एका तारखेची धास्ती मुंबईच्या घरमालकांच्या मनातून अजून गेलेली नाही. अकरा महिन्यांचा करार, जबर डिपॉझिट आणि दर वर्षी नव्या घराची शोधाशोध, ही तिचीच संतती.

मग मालकी द्यायची कोणाकडे? खात्याकडे दिली तर वशिला आणि निवडणूक, व्यक्तीकडे दिली तर आडनाव आणि भाववाढ. मधली वाट आपल्याच अंगणात उगवलेली आहे. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमाकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिचं तत्त्व असं की इमारत संस्थेची, आणि सभासद हा संस्थेचा भाडेकरू. महाराष्ट्राच्या सहकार नियमांत ‘भाडेकरू सहभागीदारी संस्था’ हा वर्ग आजही आहे. सभासद मालकाला भाडं देत नाही, स्वतःच्या संस्थेला देतो. नंतर आपण यातलं एकच हाड काढून घेतलं: सभासदाला आपला हक्क बाजारभावाने विकण्याची मुभा दिली. त्या दिवसापासून सहकार हा मालकीचाच दुसरा चेहरा झाला. झुरिचमध्ये हे हाड अजून शाबूत आहे. तिथे सहकारी संस्था पालिकेकडून जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेतात, खर्चाइतकं भाडं लावतात आणि सभासद बाहेर पडला की खोली संस्थेकडे परत येते. शहरातली सुमारे एक चतुर्थांश घरं अशा ना-नफा मालकीत आहेत, आणि २०११ साली नागरिकांनी मतदानाने हा वाटा २०५० पर्यंत एक तृतीयांश करण्याचं ठरवलं.

मुंबईत जमीन नव्हती, अशी सबब कोणी सांगू नये. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करताना एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यायच्या, असं म्हटलं होतं. २००१ च्या बदलाने हा वाटा फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि तो बदल २००६ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला. जी थोडी जमीन म्हाडाला मिळाली, तिच्यावरची घरं सोडतीने गिरणी कामगारांना मालकीने दिली गेली. गिरणी कामगारांचा तो हक्कच होता. पण शहराच्या हृदयातल्या शेकडो एकरांतली एकही इमारत कायमची भाड्याची राहिली नाही, हे मात्र सोडतीच्या आनंदात कोणी विचारलं नाही.

आता करायचं ते फार अवघड नाही, फक्त सोयीचं नाही. सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक पुनर्विकासात विक्रीच्या टॉवरांबरोबर काही इमारती कायमच्या भाड्याच्या ठेवायच्या. त्या म्हाडाने स्वतः न चालवता नफ्यावर मर्यादा असलेल्या संस्थांकडे द्यायच्या, जमीन मात्र पालिकेचीच ठेवायची. सोडत काढायची तर भाड्याच्या घरांचीही काढायची, म्हणजे आडनाव आणि वशिला दोन्ही बाजूला पडतील. आणि भाडेकरूला मालकी नाकारताना मालकीतला जो भाग त्याला खरोखर लागतो, तो द्यायचा: आयुष्यभर राहण्याची हमी, आधी ठरलेल्या सूत्राने वाढणारं भाडं, म्हातारपणी कमी होणारं भाडं, आणि व्यवस्थापनात मत. नाकारायचं ते फक्त विकण्याचं आणि पुढच्या पिढीला वारशाने देण्याचं.

खासगी घरमालकाशिवाय भाड्याचं घर चालेल का? चालेल, आणि शंभर वर्षं चाललेलंही आहे. मालकाशिवाय मात्र चालणार नाही. बांधणारा, सांभाळणारा आणि नाही म्हणणारा कोणीतरी लागतोच. पहिली दोन कामं पैशाने होतात. तिसऱ्यासाठी राजकीय हिंमत लागते, कारण त्याला आजच्या हजार मतदारांसमोर उभं राहून सांगावं लागतं की हे घर तुमचं आहे तोवर तुमचं, त्यानंतर तुमच्या मुलाचं नाही, तर अजून या शहरात न आलेल्या कोणाचं तरी. हे ज्या दिवशी एखादा पक्ष जाहीरनाम्यात लिहील, त्या दिवशी घरमालकांशिवायच्या मुंबईची चर्चा खरी सुरू होईल. तोवर आपण मालक संपवत नाही आहोत, त्यांची संख्या वाढवतो आहोत.